हातात बंदूक असताना तलवार का उपसायची?

बारसूमवर अशा बंदुका आहेत की त्यांची गोळी २०० मैलांवरचं लक्ष्य टिपते. गोळीत रेडियमची भुकटी भरलेली असते आणि तिच्यावर उजेड पडला की स्फोट होतो. तिथल्या आकाशात तोफा लावलेली लढाऊ जहाजं तरंगतात. ग्रहावरची हवा विरत चालली आहे, म्हणून ती चक्क कारखान्यात तयार होते. आणि हे सगळं हाताशी असूनही दोन माणसांचं बिनसलं की ती लांब पात्याची तलवार उपसतात आणि एकमेकांवर धावून जातात.

बारसूम म्हणजे मंगळ, निदान एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाच्या मंगळवासीयांच्या भाषेत. पहिल्यांदा वाचताना हसू येतं. लेखक भाबडा असावा, किंवा त्याने नीट विचारच केला नसावा, असं वाटतं. पण या तलवारीमागे कारणं आहेत. त्यातली काही मंगळावर सापडतात, बरीचशी शिकागो-न्यूयॉर्कच्या स्वस्त मासिकांच्या हिशेबवहीत.

आधी प्रकार कोणता ते सांगतो. इंग्रजीत याला 'स्वॉर्ड अँड प्लॅनेट' म्हणतात. हे नाव बऱ्याच उशिरा पडलं. ते रूढ करण्याचं श्रेय बहुतेक वेळा डोनाल्ड वॉलहाइम या अमेरिकन संपादकाला दिलं जातं. साचा चटकन ओळखू येतो. पृथ्वीवरचा एक माणूस, बहुधा सैनिक, काहीतरी गूढ घडून परग्रहावर जाऊन पडतो. कसा गेला याची फारशी चौकशी करायची नसते. तिथे ओसाड पडलेली प्राचीन नगरं असतात, एकमेकांच्या जिवावर उठलेली राज्यं असतात, सहा-आठ पायांची जनावरं असतात आणि एक राजकन्या असते, जिला पळवून नेणं हा त्या ग्रहावरचा मुख्य उद्योग असावा अशी शंका येते. राक्षस, जादूगार आणि मंत्रतंत्र यांच्या कथा वेगळ्या. त्यांना 'स्वॉर्ड अँड सॉर्सरी' म्हणतात. इथे जादूच्या जागी विज्ञानाचा पातळ मुलामा असतो. आणि 'स्पेस ऑपेरा'त जसे ताऱ्याताऱ्यांमधून आरमारं धावतात, तसं इथे नसतं. इथली सगळी धावपळ एकाच ग्रहाच्या मातीवर चालते.

हा साचा पक्का केला तो बरोजनेच. १९११ साली तो पस्तिशीत होता आणि पेन्सिलींना टोक काढायच्या यंत्रांची घाऊक विक्री करण्याचा आणखी एक धंदा त्याच्या अंगाशी आला होता. त्याआधी घोडदळात शिपाईगिरी, गुरांच्या कुरणावर काम, सोनं शोधण्याचा उद्योग, रेल्वेत पोलिसाची नोकरी असं बरंच काही करून झालं होतं. घरात बायको, दोन लहान मुलं आणि पैशांची कायमची ओढाताण. धंद्याच्या जाहिराती नीट छापून आल्या आहेत का हे तपासायला तो कथांची स्वस्त मासिकं चाळत असे. ती वाचून त्याचं मत झालं की असलं रद्दी लिहिण्याचे लोकांना पैसे मिळत असतील, तर इतपत रद्दी आपणही लिहू शकू. हे त्याने नंतर स्वतःच मोकळेपणाने सांगितलं आहे. बुडालेल्या धंद्यांचे छापील कागद शिल्लक होते, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने मंगळाची कथा लिहायला घेतली.

लोक वेडा म्हणतील या धास्तीने टोपणनाव घेतलं 'नॉर्मल बीन', म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला माणूस. मासिकात कुणीतरी ती चूक समजून 'नॉर्मन बीन' असं 'दुरुस्त' केलं आणि विनोद गेला वाया. 'ऑल-स्टोरी' मासिकाने कथेचे ४०० डॉलर दिले आणि फेब्रुवारी ते जुलै १९१२ अशा सहा हप्त्यांत ती छापली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अंकात त्याच मासिकात त्याची दुसरी एक कथा आली. ती टारझनची. पेन्सिलींचा प्रश्न कायमचा मिटला. मंगळाची कथा 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' या नावाने पुस्तकरूपात यायला मात्र १९१७ उजाडलं.

आता ती मासिकं. फ्रँक मन्सी या प्रकाशकाने १८९६ साली 'द आर्गोसी' हे आपलं मासिक लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या सर्वांत हलक्या कागदावर छापायला सुरुवात केली. १९२ पानं, आत चित्रं नाहीत, सगळ्या कथाच कथा, किंमत १० सेंट. लगद्याला इंग्रजीत पल्प म्हणतात, म्हणून ही मासिकं पल्प. कागद खरखरीत, कडा न कापलेल्या, वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडून तुकडे पडणार. घेणारा वाचक कारखान्यात, दुकानात, कचेरीत राबणारा. गुळगुळीत कागदाची प्रतिष्ठित मासिकं वाचणारे लोक या अंकांकडे ढुंकूनही बघत नसत, निदान चारचौघांत तरी.

लेखकाला पैसे शब्दांवर मिळत. एका शब्दाला एक सेंट मिळाला तर बरा भाव समजायचा. अनेकांना त्याहून कमीच मिळे. आता हा हिशेब कथेत कसा उतरतो ते बघा. लेखकाला भराभर लिहावं लागतं, म्हणून एकदा जमलेला साचा सोडून चालत नाही. वाचकाने पुढचा अंक विकत घ्यायला हवा, म्हणून हप्ता नायक संकटात असतानाच संपायला हवा. पुढच्या हप्त्याच्या पहिल्या पानात सुटका, मग नवा मुलूख, नवी जमात, पुन्हा कैद. बरोजच्या कादंबऱ्या सलग वाचताना हे पकडणं-सुटणं-पकडणं चक्रासारखं फिरताना दिसतं आणि थोडा कंटाळाही येतो. पण ती सलग वाचण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. महिन्याभराच्या खंडाने वाचणाऱ्यासाठी तो वेग बरोबर होता. योगायोगांची तर त्याच्याकडे ददात नाही: हजारो मैल पसरलेल्या ग्रहावर नायक ज्या अंधारकोठडीत फेकला जातो, तिथे शेजारी नेमका ओळखीचाच कैदी निघतो.

तलवार इथे कामाला येते. २०० मैलांवरून मारलेल्या गोळीत कथा नसते. गोळी सुटली, माणूस मेला, वाक्य संपलं. तलवारीला समोरासमोर यावं लागतं. मग दोघांना बोलता येतं, टोमणे मारता येतात, एकमेकांचा चेहरा वाचता येतो, लढता लढता एखादं गुपित फुटतं, जखम होते, दम लागतो, आणि हवं असेल तर सगळं ऐन रंगात असताना 'पुढील अंकी चालू' म्हणता येतं. शब्दांवर पैसे मिळणाऱ्या माणसाला याहून सोयीचं हत्यार शोधून सापडलं नसतं.

बरोजला याचं समर्थनही द्यावं लागलं, आणि ते त्याने चतुराईने दिलं. बारसूमवर एक रिवाज आहे: समोरच्याने ज्या शस्त्राने हल्ला केला, त्याच शस्त्राने किंवा त्याहून हलक्या शस्त्राने उत्तर द्यायचं. तलवारीवर बंदूक चालवली तर अब्रू गेली. म्हणजे बंदुका आहेत, पण शरमेपोटी त्या चालवायच्या नाहीत. काळही लक्षात घ्यायला हवा. १९१२ सालच्या अमेरिकेत मशीनगन आलेली होती, पश्चिमेकडचा मोकळा मुलूख वसवून संपला होता आणि दिवसभर हिशेब करणाऱ्या कारकुनाला अंगच्या बळावर जग जिंकणारा माणूस हवा होता. तो पृथ्वीवर पटला नसता, म्हणून मंगळावर पाठवला.

आणि मंगळच का, तर त्या वेळी मंगळ वर्तमानपत्रांत होता. पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत बॉस्टनकराने १८९४ मध्ये ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली. दुर्बिणीतून त्याला मंगळावर सरळ रेषांचं जाळं दिसलं आणि ते कालवे आहेत अशी त्याची खात्री पटली. ग्रह म्हातारा होऊन वाळत चालला आहे, समुद्र आटले आहेत, म्हणून तिथल्या हुशार रहिवाशांनी ध्रुवांवरच्या बर्फाचं पाणी आणायला हे कालवे खोदले असावेत, असं त्याने १८९५, १९०६ आणि १९०८ च्या तीन पुस्तकांत मांडलं. अनेक खगोलशास्त्रज्ञांना हे मुळीच पटलं नव्हतं. पण वाचकांना पटलं, कारण चित्र विलक्षण होतं: मरायला टेकलेला ग्रह आणि पाण्याच्या थेंबासाठी झगडणारी प्राचीन संस्कृती.

बरोजने हे जसंच्या तसं उचललं. आटलेल्या समुद्रांचे तळ, त्यावर पिवळसर शेवाळ, कालव्यांच्या काठाने शेती, बंदरं असूनही पाणी नसलेली ओसाड शहरं. त्यात स्वतःची भर घातली: हिरवे, १५ फुटी, चार हातांचे भटके योद्धे, स्वारीसाठीचे आठ पायांचे थोट, दहा पायांचा, कुत्र्यासारखा इमानी कॅलट, आणि अंडी घालणारी, तरीही अत्यंत सुंदर राजकन्या डेजा थोरिस. शिवाय गुरुत्वाकर्षण. मंगळावर ते पृथ्वीच्या जेमतेम ३८ टक्के, त्यामुळे पृथ्वीवरच्या स्नायूंचा नायक जॉन कार्टर तिथे उड्या मारत सुटतो. या एका बाबतीत विज्ञान बऱ्यापैकी त्याच्या बाजूने होतं. ॲरिझोनाचंही एक नातं आहे. बरोज १८९६-९७ मध्ये तिथल्याच फोर्ट ग्रँटवर घोडदळात होता. त्याच्या मंगळावरचं वाळवंट कुठून आलं असेल, यावर मला फार डोकं खाजवावंसं वाटत नाही.

बरोजच्या आधी कोणी नव्हतं असं नाही. हरवलेली राज्यं शोधणाऱ्या, रायडर हॅगार्ड या इंग्रज लेखकाच्या आफ्रिकेतल्या कथा आणि 'प्रिझनर ऑफ झेंडा'च्या धाटणीच्या, तोतया राजाच्या कादंबऱ्या वाचकांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. १९०५ साली लंडनमध्ये आलेली, लेफ्टनंट गलिव्हर जोन्स नावाच्या अमेरिकन नौसैनिकाची कथा तर फारच जवळची. हा गडी चटईवर बसून मंगळावर पोहोचतो, पळवलेल्या राजकन्येच्या मागे लागतो, प्रेतं वाहून नेणारी नदी बघतो. तिचा लेखक एडविन लेस्टर आर्नल्ड याचं बालपण बरंचसं भारतात गेलं होतं, कारण त्याचे वडील सर एडविन आर्नल्ड पुण्यात सरकारी संस्कृत महाविद्यालयाचे, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचे, प्राचार्य होते. 'लाइट ऑफ एशिया' लिहिणारे आणि गीतेचा इंग्रजी पद्यानुवाद करणारे, तेच हे. गांधीजींनी लंडनमध्ये गीता पहिल्यांदा वाचली ती याच अनुवादातून.

रिचर्ड लुपॉफ या अभ्यासकाने १९६५ मध्ये असा दावा केला की बरोजने मूळ कल्पना धाकट्या आर्नल्डकडूनच घेतली. साम्यं आहेत, पण बरोजने ते पुस्तक वाचल्याचा पुरावा नाही. आणि दोन्ही वाचल्यावर मला फरकच जास्त जाणवतो. गलिव्हर जोन्स हा लटपटणारा, थोडा विनोदी नायक आहे. त्याला राजकन्या मिळतही नाही. जॉन कार्टरला अपयश माहीतच नाही. पल्पला हा दुसरा हवा होता.

या अपराजित नायकात एक अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. जॉन कार्टर हा अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढलेला कॅप्टन. कथेच्या सुरुवातीला अपाची त्याच्या मागे लागलेले असतात आणि मंगळावर पोहोचल्यावर चार हातांचे 'रानटी' टोळीवाले त्यांची जागा घेतात. गोरा माणूस येतो, स्थानिकांपेक्षा चांगला लढतो, त्यांना मैत्री आणि दयामाया शिकवतो, सरदार होतो. ज्या देशावर 'सुधारणा' शिकवायला आलेल्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं, तिथल्या वाचकाला हा सूर लगेच ओळखू येतो. पण बरोजचं गणित पूर्ण सरळही नाही. त्याच्या मंगळावरची सर्वांत सुसंस्कृत माणसं तांबूस वर्णाची आहेत. गोऱ्या वर्णाचे थर्न हे दुसऱ्या कादंबरीतले भोंदू पुरोहित. मंगळावरची माणसं म्हातारपणी 'इस' नावाच्या पवित्र नदीतून स्वर्गाच्या यात्रेला जातात, परत कोणीच येत नाही, आणि नदीच्या टोकाला स्वर्ग नसून भाविकांना खाणारे राक्षस आणि त्यांच्यावर पोसलेले पुरोहित असतात. स्वस्त मासिकात धर्माच्या धंद्यावर इतका उघड वार १९१३ साली छापून आला, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

अनुकरण लगेच सुरू झालं. ओटिस ॲडलबर्ट क्लाइनने शुक्र आणि मंगळ या दोन्हींवर तलवारबाज पाठवले. तो पुढे कोनन या तलवारबाज नायकाचा जनक रॉबर्ट हॉवर्ड याचा साहित्यिक एजंट होता, आणि हॉवर्डचीही परग्रहावरची एक कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १९३९ मध्ये 'वीअर्ड टेल्स' या मासिकात आली. त्यातलं बरंचसं आज वाचवत नाही. वाचवतं ते दोन बायकांनी लिहिलेलं. सी. एल. मूर यांची पहिलीच कथा १९३३ मध्ये 'वीअर्ड टेल्स'मध्ये आली. तिच्यात मंगळावरच्या गल्लीत एक तस्कर जमावापासून एका मुलीला वाचवतो आणि ती मुलगी नसून भलतंच काही निघते. तलवार नाही, पण बरोजच्या मंगळावर पहिल्यांदा भीती आणि वासना उतरली.

दुसरी ली ब्रॅकेट, माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत चांगली लेखक. 'प्लॅनेट स्टोरीज' हे मासिक १९३९ ते १९५५ चाललं, त्यात तिने एरिक जॉन स्टार्क हा नायक उभा केला. स्टार्क बुध ग्रहावरच्या आदिवासींनी वाढवलेला, काळवंडलेल्या कातडीचा, पृथ्वीच्या सरकारला नकोसा झालेला भाडोत्री योद्धा आहे. जॉन कार्टर जिथे राज्य जिंकायला येतो, तिथे स्टार्क पृथ्वीच्या कंपन्यांनी आणि वसाहतींनी पिळलेल्या मंगळावर उपऱ्यासारखा हिंडतो. साचा तोच, नजर उलटी. ब्रॅकेटची वाक्यंही कमी शब्दांत काम करतात. शब्दांवर पैसे मिळत असताना हे जमवणं सोपं नव्हे. तिने हॉलिवूडसाठी 'द बिग स्लीप'च्या पटकथेवर काम केलं आणि मृत्यूपूर्वी, १९७८ मध्ये, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चा पहिला खर्डाही लिहिला.

जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने २२ छायाचित्रं पाठवली. कालवे नाहीत, शहरं नाहीत. चंद्रासारखी खळगी आणि अतिविरळ हवा. शुक्राचा निकाल त्याआधीच, १९६२ च्या मरिनर २ ने लावला होता: दलदल आणि जंगलं कुठली, तिथे भट्टी आहे. ब्रॅकेटने १९७४ मध्ये स्टार्कला पुन्हा आणलं तेव्हा त्याला सूर्यमालेबाहेरच्या, तांबड्या सूर्याच्या ग्रहावर न्यावं लागलं.

गंमत म्हणजे नेमक्या याच काळात हा प्रकार पुन्हा खपू लागला. बरोजच्या काही पुस्तकांचे हक्क नूतनीकरणाअभावी सुटले होते. वॉलहाइमने एस बुक्स या प्रकाशनातून ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त पेपरबॅकमध्ये काढली, काहींवर चित्रकार फ्रँक फ्रॅझेटाची चित्रं घातली आणि नवी पिढी तुटून पडली. मग नकलांची लाट. केनेथ बल्मरने टोपणनावाने ड्रे प्रेस्कॉट या नायकाची पन्नासहून अधिक पुस्तकं लिहिली. जॉन नॉर्मनच्या गोर या कादंबरी मालिकेत साहसाची जागा हळूहळू बायकांना गुलाम करण्याच्या व्याख्यानांनी घेतली. त्यावर वेळ घालवू नये.

खरा वारसा मात्र दुसरीकडेच गेला. १९३४ मध्ये वर्तमानपत्रात सुरू झालेला फ्लॅश गॉर्डन हा याच घराण्यातला. आपल्याकडे तो इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मँड्रेकच्या शेजारी येऊन बसला. सुपरमॅनचा सहनिर्माता जेरी सीगल याने जॉन कार्टरचं ऋण मान्य केलं होतं: लहान ग्रहावर जाऊन माणूस बलवान होतो, तर मोठ्या ग्रहावरून पृथ्वीवर आलेला का होणार नाही? म्हणून सुरुवातीचा सुपरमॅन उडत नसे, उड्या मारत असे. जॉर्ज लुकासला फ्लॅश गॉर्डनवर चित्रपट करायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने 'स्टार वॉर्स'चं स्वतःचं विश्व रचलं, आणि अंतराळयानांच्या काळात तिथेही लोक तलवारीनेच लढतात, फक्त पातं प्रकाशाचं. फ्रँक हर्बर्टने १९६५ च्या 'ड्यून'मध्ये बरोजचा प्रश्न सर्वांत डोकं लावून सोडवला: अंगाभोवतीचं संरक्षक कवच वेगवान गोळी अडवतं, सावकाश शिरणारं पातं अडवत नाही. अब्रूच्या रिवाजाची जागा भौतिकशास्त्राने घेतली.

या सगळ्याचा फटका मूळ कथेलाच बसला. २०१२ मध्ये डिस्नेने 'जॉन कार्टर' काढला, पहिल्या हप्त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, आणि सुमारे २० कोटी डॉलरचं नुकसान जाहीर केलं. प्रेक्षकांना वाटलं, हे आधी कुठेतरी पाहिलंय. पाहिलं होतंच. नातवंडांचे चित्रपट बघून झाल्यावर आजोबा रंगमंचावर आले होते.

वाचायचं असेल तर पहिल्या तीन मंगळकथा एवढंच एक सलग काम आहे. पुढच्या आठ पुस्तकांपैकी बुद्धिबळाची 'चेसमेन ऑफ मार्स' तेवढी आवर्जून घ्या. अमेरिकेत ही पहिली पुस्तकं स्वामित्वहक्कातून मोकळी आहेत आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम आहे. बरोज १९५० मध्ये वारला, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरून ती निर्धास्तपणे उतरवून घेता येतात. फक्त दुसरं पुस्तक हातात घेण्याआधी तिसरं जवळ ठेवा. दुसऱ्याच्या शेवटी डेजा थोरिस अशा फिरत्या कोठडीत अडकते जिचं दार मंगळाच्या एका वर्षाने उघडतं. आत तिच्यासोबत दोघीजणी आहेत, त्यातल्या एकीने खंजीर उगारलेला आहे, आणि दार बंद होतं. १९१३ सालच्या वाचकाला पुढचं कळायला मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं होतं.